ग्रामसभेचा वाहतूक परवाना वन विभागाने नाकारला, तर?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेची सचिव आहे. आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र मिळालेलं आहे. यंदा ग्रामसभेने बांबू तोडून एका व्यापाऱ्याला विकला. आमच्या ग्रामसभेने नेमलेल्या वन व्यवस्थापन समितीचा वाहतूक परवाना सोबत असूनही नाक्यावर ट्रक अडवून बांबूसकट जप्त केला. वन विभागाचं म्हणणं असं, की तुमचा व्यवस्थापन आराखडा आमच्या कार्य आयोजनेत (म्हणजे जंगलाच्या कामाच्या सरकारी योजनेत) नाही, म्हणून तोडच बेकायदा. दुसरी भानगड गावातली आहे. नाल्याकाठचा पट्टा तोडायचा नाही असा ठराव असताना समितीच्या अध्यक्षांनी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन तिथलाही बांबू तोडून घेतला. तीन घरची माणसं त्यात होती. काही लोक म्हणतात त्या घरांना गाव बंद करा. व्यापारी उचल परत मागतोय. आम्ही काय करावं?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र आणि सोबतच्या परवान्याचा फोटो दोन्ही नीट पाहिले. आधी ट्रकचं बोलतो, कारण तिथे दिवस महत्त्वाचे आहेत.

वन विभागाने दिलेलं कारण कायद्यात बसत नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 2(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीत जे 2(आय) आहे तिथे, गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उपजाच्या, व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट आहे. कलम 3(1)(सी) प्रमाणे त्या वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तुमचा. वाहतुकीचा वाद याच कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी मिटवला आहे. नियम 2(1)(डी) आणि त्याचं स्पष्टीकरण वाचा. वाहतूक परवाना नियम 4(1)(ई) खालची, म्हणजे तुमच्यासारखी ग्रामसभेने नेमलेली, समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देईल, परवान्याच्या अटीमुळे विक्रीच्या हक्काला कुठलीही आडकाठी येणार नाही, आणि गोळा करण्यावर रॉयल्टी किंवा शुल्क लागणार नाही, हे तिन्ही मुद्दे तिथे लिहिलेले आहेत. नियम होण्याआधीच 27 एप्रिल 2011 ला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं होतं. म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही.

आता आराखड्याचा मुद्दा. आराखडा नाही म्हणून हक्क नाही, असं कायद्यात कुठेही नाही. हक्क कलम 3 मधून येतो, कार्य आयोजनेतून नाही. नियम 4(1)(एफ) म्हणतो की संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा तुमची समिती तयार करेल आणि वन विभागाच्या आयोजनेशी जोडेल, समितीला आवश्यक वाटतील ते फेरबदल करून. फेरबदल कोणाला आवश्यक वाटायला हवेत? समितीला. पण ताई, त्याच वाक्यात आराखडा करण्याची जबाबदारीही तुमच्यावर टाकली आहे. तो आजवर झालाच नसेल, तर ट्रक सुटेल तरी पुढच्या हंगामात हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

एक सावधगिरी. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, म्हणून आता परवान्याची गरजच नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. तो बदल वनाबाहेर लावलेल्या बांबूसाठी केलेला होता. तुमचा बांबू जंगलातला आहे, तेव्हा त्या युक्तिवादाच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या हातात त्याहून भक्कम कायदा आहे.

तुमची खरी कच्ची बाजू परवान्याच्या फोटोत दिसते. कक्ष क्रमांकाची (जंगलाच्या कोणत्या भागातला माल, त्याची) जागा कोरी आहे, नगांच्या रकान्यात खाडाखोड आहे आणि त्यावर कोणाची सही नाही. ग्रामसभेला परवाना देण्याचा अधिकार आहे का, या वादात वन विभाग हरेल. हा बांबू तुमच्या हद्दीतला कशावरून, हे त्यांनी विचारलं तर मात्र हा कागद उत्तर देत नाही. त्यामुळे तोडीचं रजिस्टर, मजुरीचे हजेरीपट, वजन किंवा बंडलांची नोंद, जे काही असेल ते एकत्र करा आणि त्यावरून कोणत्या कक्षातून कोणत्या तारखेला किती नग निघाले याचा तक्ता बनवा. मागच्या तारखेचं नवं काहीही लिहू नका. जे आहे तेच दाखवा, जे नाही ते नाही म्हणून सांगा.

मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन जप्तीनामा आणि पंचनाम्याची प्रत मागा. कारवाई कोणत्या कलमाखाली आणि कोणासमोर चालू आहे, यावर माल सोडवण्याचा अर्ज कुठे द्यायचा ते ठरतं. महाराष्ट्रात वन अधिनियमाच्या कलम 61-अ खाली माल आणि वाहन सरकारजमा करण्याची वेगळी कार्यवाही होते. त्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. त्या नोटिशीला ग्रामसभेच्या नावाने उत्तर द्या, सोबत अधिकारपत्र, समिती नेमल्याचा ठराव आणि विक्रीचा ठराव जोडा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण वनहक्कांच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष तेच असतात. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज आणा असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. या कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा, गटग्रामपंचायत नव्हे.

ट्रकमालक घाईला येऊन तडजोड शुल्क भरायला तयार होईल. त्याचं वाहन आहे, त्याला अडवता येणार नाही. पण वन अधिनियमाच्या कलम 68 खाली पैसे भरून प्रकरण मिटवलं, की कागदोपत्री गुन्हा झाल्यासारखंच राहतं. ग्रामसभेच्या वतीने तशा कागदावर कोणीही सही करू नये, आणि आम्हाला ही तडजोड मान्य नाही, असं पत्र त्याच दिवशी द्यावं.

वनहक्क कायद्याच्या कलम 7 खाली अधिकाऱ्यावर खटला भरा, असाही सल्ला मिळेल. त्यासाठी कलम 8 प्रमाणे आधी ग्रामसभेचा ठराव आणि राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला किमान 60 दिवसांची नोटीस लागते, आणि दंड फार तर 1,000 रुपये. तेवढ्या वेळात उन्हात पडलेला बांबू वाळून आणि किडून जाईल. माल सुटत नसेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका हा मार्ग जास्त उपयोगाचा आहे.

आता गावातल्या भानगडीकडे येतो, आणि माझ्या मते ट्रकपेक्षा ही मोठी आहे. याच कायद्याच्या कलम 5 ने जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि जंगलाच्या वापराबाबत ग्रामसभेने केलेला ठराव पाळला जाईल हे पाहण्याचाही. नाल्याकाठचा पट्टा राखायचा, हा तुमचा ठराव म्हणजे कलम 5 ची अंमलबजावणीच आहे. वन विभागासमोर तुम्ही जंगल सांभाळता हे दाखवणारा तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा तोच होता. तो तुमच्याच अध्यक्षांनी मोडला. ही गोष्ट लपवू नका, कारण नाल्याकाठचे ताजे खुंट कोणीही जाऊन पाहू शकतो. ग्रामसभा बोलवा, निम्मे सदस्य हजर असतील आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका असतील याची काळजी घ्या, कारण नियम 4(2) प्रमाणे त्याशिवाय सभेची गणपूर्ती होत नाही. त्या सभेत झालेलं उल्लंघन नोंदवा, किती बेटं तोडली ते मोजून लिहा आणि पट्टा किती वर्षं बंद राहील ते ठरवा.

अध्यक्षांच्या कराराचं काय? नियम 4(1)(जी) प्रमाणे परवाने, विक्रीचं उत्पन्न आणि आराखड्यातले बदल यांबाबत समितीच्या निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी लागते. मंजुरी नसताना केलेला करार ग्रामसभेवर बंधनकारक नाही, ही भूमिका तुम्ही घेऊ शकता. पण उचलेचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले असतील आणि त्या बदल्यात माल दिलेला नसेल, तर करार कायदा, 1872 प्रमाणे ते परत करावे लागतील. अध्यक्षांनी स्वतःच्या खिशात घातले असतील तर व्यापाऱ्याने त्यांच्याकडे मागावे. बँकेचं पासबुक काढून हे आधी स्पष्ट करा, मगच व्यापाऱ्याला उत्तर लिहा.

आणि ताई, त्या तीन घरांना गाव बंद करू नका. राग मला समजतो, पण पाणी तोडणं, दुकान बंद करणं, लग्नकार्यात न बोलावणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तसा ठराव सभेत झाला तर तुम्ही सचिव म्हणून त्याखाली सही केलेली असेल. त्या माणसांनी बहुधा मजुरीसाठी अध्यक्षांच्या शब्दावर तोड केली. त्यांचं म्हणणं ऐकून इतिवृत्तात लिहा. जितका बांबू तोडला त्याची रक्कम ग्रामकोषात भरणं किंवा त्या पट्ट्याच्या राखणीसाठी श्रमदान, असं काहीतरी त्यांच्या संमतीने ठरवा. अध्यक्षांना पदावर ठेवायचं की नाही, हे ग्रामसभा ठरवू शकते. समिती तिनेच नेमली आहे.

आराखडा मोठा आणि इंग्रजीत असायला हवा, असं नाही. तोडीची पाळी कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) फुटत असताना तोड बंद, एक-दोन वर्षांच्या कोवळ्या काड्या ठेवायच्या आणि फक्त जुन्या काढायच्या, तेंदू आणि मोहाच्या हंगामात आग लावायची नाही, राखणीची पाळी कोणाची, मिळालेल्या पैशातला किती वाटा जंगलावर खर्च होणार, हे तुम्ही आजही तोंडी पाळत असाल ते लिहून काढा. नकाशा जोडा, सभेत वाचा, मंजूर करा आणि प्रत उपवनसंरक्षकांना पोच घेऊन द्या. पुढच्या परवान्यावर कक्ष क्रमांक, नग, लांबी, गाडी नंबर, कुठून कुठे, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या असू द्या. प्रत्येक पानाची स्थळप्रत पुस्तकात राहू द्या.

सरकारजमा करण्याचा आदेश निघालाच तर त्यावर अपील आहे, पण मुदत थोडी असते. आदेश हातात पडेल त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.