सिंक किंवा बाथरूमचा पाइप तुंबल्यावर लोक नेमकं काय चुकतात?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी अडलं की आधी ड्रेन क्लीनर ओतणं. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना खूप उष्णता सोडतो. पाणी पूर्ण अडलेलं असेल तर तो तिथेच साचून राहतो आणि पीव्हीसीचे सांधे खराब करू शकतो. त्यावर लगेच प्लंजर (दांड्याला रबरी वाटी असलेलं साधन) चालवला तर तेच पाणी तोंडावर उडतं. एकाने काम झालं नाही म्हणून दुसरं ओतणं तर घातकच: ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

उकळतं पाणीही नको. पीव्हीसी साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसतो छान, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. घट्ट बोळ्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

प्लंजर वापरताना ओव्हरफ्लोचं (बेसिनच्या वरच्या कडेजवळचं) भोक ओल्या फडक्याने बंद करायला बहुतेकजण विसरतात. मग सगळा दाब तिथूनच निघून जातो. रबरी वाटी पाण्यात बुडलेली हवी.

बऱ्याचदा कचरा सिंकखालच्या वाकड्या पाइपातच, म्हणजे ट्रॅपमध्ये असतो. क्लीनर ओतलेलं नसेल तर खाली बादली ठेवून तो हाताने उघडा. तारेने जोरात ढोसलं की बोळा आणखी आत जातो.

घरातल्या दोन-तीन जाळ्या एकदम तुंबल्या असतील तर अडथळा बहुधा मुख्य लाइनमध्ये असतो. तेव्हा प्लंबरच बोलवा.