‘गरीब’ इग्वाना

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वर्षभरापासून इग्वाना या परदेशी सरड्याचा हट्ट धरून बसलाय. दुकानात दोन पिल्लं दाखवली. एक हिरवंगार, पण हात नेला की शेपटी आपटतं, पळतं. दुसरं तळहातावर मुकाट बसून राहतं, स्वस्तही आहे. दुकानदार म्हणतो, “हे गरीब आहे ताई, पोराला हेच द्या.” कोणतं घ्यावं?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, पळणारं. किंवा कोणतंच नाही. ते शेवटी सांगते.

गाय गरीब असते, इग्वानाचं पिल्लू नसतं. त्याच्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात ससाणे, साप सगळे त्याच्यावर टपलेले. वरून हात आला की त्यानं उसळी मारायलाच हवी. जे मारत नाही, त्याच्यात बहुधा तेवढी ताकदच नसते. मी हे फुकटात शिकले नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक कॉलेजात आम्ही गाई-म्हशींचीच हाडं शिकलो. पुढे भाचीसाठी असंच एक शांत पिल्लू उचलून आणलं. घरी खालचा जबडा दोन बोटांत धरला, तर रबरासारखा वाकला. दुकानात अतिनील दिवा नव्हता, आणि त्या प्रकाशाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खायला नुसती पत्ताकोबी. शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून जगत होतं. सिरिंजनं भरवलं, तरी गेलं. भाचीनं मला अजून माफ केलेलं नाही.

म्हणून आधी हातात घेऊ नका. दहा मिनिटं काचेबाहेरून बघा. डोळे टपोरे, उघडे हवेत. चालताना पोट जमिनीवरून उचललेलं हवं, मधूनमधून जीभ टेकवून वास घेणं चाललेलं हवं. मग दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. “आत्ताच खाल्लं” म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच जा.

आता हात लावा. जबडा टणक हवा. मांड्या मात्र नीट बघा, कारण तिथंच आपण आया फसतो. अंग बारीक आणि मांड्या जाड, घट्ट दिसल्या, की वाटतं गुटगुटीत आहे. ते मांस नसतं. पोकळ होत चाललेल्या हाडाभोवती शरीरानं घातलेलं पॅकिंग असतं. शेपटीच्या बुडाशी हाडं वर आलेली नकोत, शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. काखेत लाल ठिपके हलताना दिसले, तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. नाकाशी पांढरी खपली दिसली तर घाबरू नका. जास्तीचं मीठ ते शिंकरून टाकतं. तोंडात बुडबुडे, चिकट लाळ असेल, तर मात्र परत ठेवा.

कागदांचं थोडक्यात. हिरवा इग्वाना ‘साइट्स’च्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे ती नसेल, तर निघून या. आणि ‘देशी इग्वाना’ म्हणून कुणी घोरपडीचं पिल्लू दाखवलं, तर ते पाळणं गुन्हा आहे.

आता ‘कोणतंच नाही’चं. वीतभर पिल्लू पुढे शेपटीसकट पाच फुटांचं होतं, दहा-पंधरा वर्षं जगतं. त्याला अख्खी खोली लागेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा काचेची पेटी उन्हात राहिली तर भट्टीच. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली, तेव्हा गरमीची सोय. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या हाडांना चालत नाही, म्हणून अतिनील ट्यूब. तीही सहा महिने ते वर्षभरात बदलायची. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणानं धुवायचे, कारण त्याच्या अंगावरून साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात.

मुलाला सांगा, महिनाभर रोज शाळेच्या आधी शेवग्याचा पाला खुडायचा आणि कोहळं बारीक चिरायचं. टिकला, तर दुकानात जा. नाही टिकला, तर कोहळ्याची भाजी तुमच्याकडे होतच असेल.