गोवा की व्हिएतनाम ते नंतर, आधी विम्याचा अर्ज काढा

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, खासगी नोकरी, बायको, दोन लहान मुलं, घरकर्ज 28 लाख. ते लिहितात : "आम्ही चार मित्र पाच दिवस फिरायला निघालोय. गोवा, व्हिएतनाम की दुबई? दारूला माणशी आठ हजार धरलेत. जिथे बिअर स्वस्त, तिथे विमानाचा खर्च भरून निघेल का? दर शनिवारी आमची बैठक असते, त्यामुळे किती लागेल याचा अंदाज आहे. बाकी घरची काळजी नाही. 14 महिन्यांपूर्वी एक कोटीची टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घेतलीय. एजंट ओळखीचा आहे, त्याने अर्जात दारू आणि तंबाखूचा मावा दोन्हीपुढे 'नाही' लिहून हप्ता 14 हजारांत बसवून दिला."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही निघणार.

मद्याच्या भावातला मोठा फरक कराचा असतो. आपल्याकडे मद्य जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. महाराष्ट्राने जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. गोव्यात कर कमी, म्हणून सीमेवरचं बांदा ओलांडलं की तीच बाटली स्वस्त. (येताना डिकीत बाटल्या भरू नका. परवान्याशिवाय आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.) दुबईने 30 टक्के कर 2023 मध्ये उठवला आणि जानेवारी 2025 पासून पुन्हा लावला, तेव्हा दुबई सोडाच. व्हिएतनाममध्ये रोजच्या रोज बनणारी 'बिया होई' खरंच स्वस्त मिळते. पण धरा, गोव्यापेक्षा ग्लासमागे 100 रुपये वाचले. दिवसाला पाच, पाच दिवसांचे 25 ग्लास, बचत अडीच हजार. विमान आणि व्हिसाचा जादा खर्च त्याच्या कितीतरी पट येईल. व्हिएतनाम बघायचा असेल तर जरूर जा, बिअरसाठी जाऊ नका. मिरजेहून गोव्याला रेल्वे आहे, तिकडे आठ हजारांत तुमचं दारूचं भागेल.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ते वाचून मला राग आला, तुमचा कमी आणि त्या एजंटचा जास्त.

'नाही' त्याने लिहिलं, पण खाली सही तुमची आहे. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत कंपनी खोट्या माहितीवरून दावा नाकारू शकते. तुमचे 14 महिने झालेत, 22 उरलेत. आणि कंपनीला कळणार कसं, हा भ्रम काढून टाका. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात माणूस दाखल झाला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, दारू घेतात का, तंबाखू खातात का. घाबरलेली बायको खरं तेच सांगते, कारण तिला नवरा वाचवायचा असतो. ते केसपेपरवर चढतं आणि तोच कागद दाव्याच्या चौकशीत पुढे येतो. अशी एक फाइल मी एका घरात बसून वाचली आहे. त्या ताईंना काय सांगावं, मला सुचलं नव्हतं.

दावा नाकारला तर काय मिळतं? केवळ चुकीची माहिती ठरली तर भरलेले हप्ते परत, म्हणजे दोन हप्त्यांचे 28 हजार. फसवणूक ठरली तर त्याचीही खात्री नाही. घरकर्जाचे 28 लाख तसेच उभे.

"तीन वर्षं काढली की झालं," असं एजंट म्हणेल. 22 महिने आपल्याला काही होणार नाही या आशेवर दोन मुलांचं घर चालवायचं का? शिवाय मधे एक हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षं नव्याने मोजायची.

खरं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मुख्य वाढ माव्यामुळे होते, कारण तंबाखू म्हटलं की हप्ता चढतो. दीडपट धरा, 21 हजार. वर्षाला सात हजार जादा. तुम्ही पाच दिवसांच्या दारूला आठ हजार काढलेतच.

पॉलिसीसोबत अर्जाची प्रत आलेली असते, ती आज शोधा. कंपनीला स्वतः लेखी कळवा, एजंटमार्फत नको : दारू आठवड्याला किती, मावा दिवसाला किती, अर्जातली नोंद चुकीची आहे, सुधारित हप्ता सांगा. पोच घ्या. वैद्यकीय तपासणी सांगितली तर करा. कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित पॉलिसी ठेवायलाच नकार देईल. म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीकडे खरी माहिती देऊन नवा अर्ज करा, त्यात जुन्या पॉलिसीचाही उल्लेख करा. नवी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका. आरोग्य विमा याच एजंटकडून घेतला असेल तर तोही अर्ज तपासा, तिथेही हेच दोन रकाने असतात.

गोव्याचं तिकीट त्यानंतर काढा. तिथे प्यायल्यावर भाड्याची स्कूटर कुणीही घेऊ नये. नशेत झालेल्या अपघाताचा खर्च बहुतेक प्रवास विमे देत नाहीत.