एमएच ३७० या बेपत्ता विमानाबद्दल इतके तर्क आहेत, त्यातला खरा कोणता मानायचा?

आग लागली, अपहरण झालं, वैमानिकानेच केलं, हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर उतरवलं, असं सगळं वाचून तुम्ही विचारलंय की यातलं विश्वास ठेवण्याजोगं काय. मी म्हणेन, 'कोणी केलं' हे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी घड्याळ बघा. या विमानाच्या काही नोंदी मिनिट-सेकंदापर्यंत पक्क्या आहेत. कुठलाही तर्क त्यांना लावून पाहा. बरेचसे तिथेच गळतात.

८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग ७७७, आत २३९ माणसं. त्यात पाच भारतीय होते, मुंबईचं एक मराठी कुटुंबही होतं, म्हणून या विषयावर बोलताना जरा जपून बोलावं असं मला वाटतं. रात्री १२:४२ ला उड्डाण (सगळ्या वेळा मलेशियाच्या), १:१९ ला वैमानिकांचं शेवटचं बोलणं, १:२१ ला ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) बंद. मलेशियाच्या नियंत्रकांकडून विमान व्हिएतनामकडे सोपवायचं असतं, नेमकं तिथेच. लष्करी रडारवर मात्र ते दिसत राहिलं. मागे वळलं, द्वीपकल्प ओलांडून पेनांगजवळ पुन्हा वळलं आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येला गेलं. रडारवरची शेवटची खूण २:२२ ची.

यानंतर लोक ज्याकडे सहसा बघतच नाहीत ती नोंद येते, २:२५ ची. विमानातल्या उपग्रह-संपर्क यंत्राने त्या वेळी उपग्रहाकडे नव्याने 'लॉग-ऑन' (जोडणी) मागितलं. म्हणजे मधल्या काळात त्या यंत्राची वीज गेली होती आणि आता परत आली होती. आगीचा तर्क मला इथेच अडतो. सामानात लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या, हे खरं. पण जळत्या विमानातली वीज आपोआप परत येऊन ते पुढे जवळजवळ सहा तास कसं उडतं? २०१० मध्ये दुबईजवळ मालवाहू विमानात अशा बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली, तेव्हा धोक्याची घंटा वाजल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते कोसळलं होतं.

'हवेचा दाब गेला, सगळे बेशुद्ध झाले' हा तर्क शेवटच्या लांबलचक शांततेला लागू पडतो, वळणांना नाही. २००५ मध्ये हेलिओस या सायप्रसच्या कंपनीच्या विमानात तसं झालं, तेव्हा ऑटोपायलटने विमान ठरलेल्या मार्गानेच अथेन्सपर्यंत नेलं आणि इंधन संपेपर्यंत तिथेच घिरट्या घातल्या. ऑटोपायलट स्वतःच्या मनाने मागे वळत नाही. एमएच ३७० चं पहिलं वळण तर हाताने घेतलं असावं, असं तपास अहवाल सांगतो.

आता उपग्रहाचं गणित. विमान गप्प असलं तरी जमिनीवरचं केंद्र साधारण तासाभराने 'आहेस का?' असं विचारतं आणि विमानातलं यंत्र 'आहे' म्हणतं. ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१, ८:११ अशी उत्तरं आली. उत्तर यायला किती उशीर लागला तेही नोंदलं जातं. ३:४१ चा आकडा ११,५०० मायक्रोसेकंद, ८:११ चा १८,०४०. फरक ६,५४०. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, जाऊन-येऊन म्हणून निम्मे धरा. म्हणजे साडेचार तासांत विमान उपग्रहापासून जवळपास ९८० किलोमीटर आणखी लांब गेलं.

हा एक आकडा कितीतरी गोष्टी निकालात काढतो. तो उपग्रह हिंदी महासागरावर, विषुववृत्ताच्या वर, सुमारे ६४.५ अंश पूर्व रेखांशावर होता. दिएगो गार्सिया आणि मालदीव दोन्ही त्याच्या बऱ्यापैकी खालीच येतात. विमान तिकडे गेलं असतं तर आकडा घटायला हवा होता. तो वाढत गेला. मालदीवच्या एका बेटावर लोकांनी सकाळी सव्वासहाला खाली उडणारं मोठं विमान पाहिल्याचं सांगितलं. मलेशियात तेव्हा सव्वानऊ वाजले होते, आणि विमानाचा शेवटचा संकेत ८:१९ चा आहे. नातेवाइकांना 'रिंग गेली' हेही असंच. ती रिंग आपलंच नेटवर्क ऐकवतं, समोरचा फोन चालू असेलच असं नाही.

उशिरावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही, म्हणून नकाशावर बिंदू न मिळता कंस मिळतो. उत्तर की दक्षिण हे लहरींच्या वारंवारितेतल्या फरकाने ठरलं. हा उपग्रह अगदी स्थिर नसतो, किंचित उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे पडतात. जुळले दक्षिणेचे. विमान उत्तरेला कझाकस्तानकडे नेलं, हा तर्क तिथे संपतो.

८:१९ ला यंत्राने पुन्हा लॉग-ऑन मागितलं. निघताना ४९,१०० किलो इंधन होतं, ते साधारण याच सुमारास संपणार होतं, म्हणजे वीज पुन्हा गेली-आली. वारंवारितेचे शेवटचे दोन आकडे विमान वेगाने खाली येत असल्याचं दाखवतात. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर या विमानाच्या उजव्या पंखाचा फ्लॅपरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) सापडला, २०१६ मध्ये टांझानियाच्या पेंबा बेटावर फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखातून बाहेर काढायच्या पट्टीचा, तुकडा. तो फ्लॅप बहुधा आत ओढलेल्या स्थितीत होता. पाण्यावर अलगद उतरवायचं तर तो बाहेर काढतात. त्यामुळे 'सावकाश समुद्रावर उतरवलं' हे मला पटत नाही.

मग उरतं काय? कुणीतरी जाणीवपूर्वक विमान वळवलं, एवढंच. कॅप्टनच्या घरच्या सिम्युलेटरवर सहा आठवडे आधीचा, दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारा मार्ग सापडला, हे खरं आहे आणि दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण त्यावरून मृत माणसाला दोषी ठरवणं मला मान्य नाही. २०१८ च्या मलेशियन अहवालाने कारण ठरवता येत नाही असं लिहिलं आणि तिसऱ्या व्यक्तीचा हात असण्याची शक्यताही नाकारली नाही.

शोध का फसला, तर ८:१९ च्या शेवटच्या संकेतावरून काढलेला कंस (तपासात त्याला 'सातवा कंस' म्हणतात) हजारो किलोमीटर लांब आहे. २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहिला, २०१८ मध्ये आणखी १,१२,००० च्या वर. या विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या पिंगरची (पाण्याखालून ध्वनिसंकेत देणाऱ्या यंत्राची) बॅटरी तीसच दिवस चालणारी होती, आणि डेटा रेकॉर्डरच्या पिंगरच्या बॅटरीची मुदत तर डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती.

अवशेष सापडले तरी कॉकपिटमधला आवाज मिळेल अशी फार आशा धरू नका. या विमानाचा व्हॉइस रेकॉर्डर शेवटचे दोनच तास ठेवणारा होता, त्यामुळे तो शेवटपर्यंत चालू असेल तर १:२१ चं बोलणं पुसलं गेलेलं असेल. डेटा रेकॉर्डर मात्र २५ तासांचा असतो. वळण नेमकं कसं घेतलं गेलं, हे त्यातून कळू शकेल.