मॅडम, मी नक्की काय मानते तेच मला माहीत नाही

फेलोशिपच्या आणि बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांच्या अर्जांचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न येतोच. फॉर्ममध्ये एक निबंध मागतात, तुम्ही आयुष्यात मनापासून काय मानता, तुमचं कोअर बिलीफ काय, पाचशे शब्दांत लिहा. मार्क्स चांगले असतात, सर्टिफिकेटं फाईलभर, सरांचं शिफारसपत्र पण मिळालेलं, आणि सगळं अडतं ते ह्या पाचशे शब्दांपाशी. घरच्यांना वाटतं एवढं काय त्यात, बस आणि लिही. पण मुलाच्या डोक्यात तोवर भलतंच सुरू झालेलं असतं, मला काही सुचत नाही म्हणजे मी आतून रिकामी आहे का, इतकी वर्षं शिकून मला स्वतःचं असं काहीच नाही का. ही भीती नुसती निबंधाची नसते, म्हणून लिहितेय.

एका मुलीचं सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २१, घरात आई-बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. आली ती लॅपटॉप घेऊनच, आणि बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम तुम्हीच सांगा ह्यातला कुठला पाठवू. तीन ड्राफ्ट होते. पहिल्यात प्रामाणिकपणा, कष्ट, समानता, निसर्गप्रेम, सगळंच, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांसारखं. दुसऱ्यात ती काय मानत नाही त्याची यादी, जात मानत नाही, हुंडा मानत नाही, नशीब मानत नाही. तिसरा चॅटजीपीटीने लिहून दिलेला, आणि सगळ्यात जास्त त्रास तिला त्याचाच होत होता कारण तो छान होता. ह्याला माझ्याबद्दल काही माहीत नाही तरी माझ्यापेक्षा बरं लिहितो, मग माझ्यात आहे काय, असं म्हणून ती रडायलाच लागली.

त्यात तिने गूगलवर कोअर बिलीफ शोधलेलं आणि समोर आली होती मानसोपचारातली माहिती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी मांडली, तिच्यात माणूस स्वतःबद्दल, इतरांबद्दल, जगाबद्दल खोल आत जे धरून बसलेला असतो त्याचा विचार होतो, मी कुचकामी आहे, मला कोणी जवळ करणार नाही, असल्या गोष्टी. ती यादी वाचून तिला वाटलं हे तर सगळं माझंच, आता हे लिहू की काय फॉर्ममध्ये? मी तिला सरळ सांगितलं की ते काम ह्या खोलीतलं, तुझ्यामाझ्यातलं, निवड समितीला ते विचारायचंच नाहीये. (आणि तुम्हाला असं सारखं वाटत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर निबंध राहू दे बाजूला, आधी कोणाशी तरी बोला. बांबोळीच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्री-अपरात्री पण लागतो.)

दुसरा गुंता देवाचा होता. तिचे बाबा लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, वैशाखात शिरगावच्या जत्रेआधी व्रत पाळतात, निखाऱ्यांवरून चालतात. हिला स्वतःला देव आहे की नाही तेच नक्की माहीत नाही. मनापासून काय मानता म्हटल्यावर हिला वाटलं देवाबद्दलच विचारतायत, आणि खरं लिहिलं तर बाबांचा अपमान, खोटं लिहिलं तर स्वतःचा. असं अडकलेली मुलं गोव्यात मला खूप भेटतात, हिंदू काय आणि ख्रिश्चन काय. त्यांना मी एवढंच म्हणते की ज्याबद्दल तुझं अजून ठरलेलं नाही ते ह्या निबंधात ठरवायलाच पाहिजे असं काही नाही, ठरलेलं दुसरं काहीतरी नक्की असतं, ते शोधू.

आता ते शोधायचं कसं? तू काय मानतेस असं मी विचारतच नाही. ह्या प्रश्नावर आपण सगळेच सुविचार बोलतो, मी पण बोलेन. मी विचारते, हल्ली तू असं काय केलंस ज्यात तुझं थोडं नुकसान झालं, करायला कोणी सांगितलं नव्हतं, करून शाबासकी पण मिळाली नाही, तरी केलंस? माझ्या अनुभवात माणसाचं मानणं तिथेच सापडतं, जिथे त्याने काहीतरी पदरचं घातलेलं असतं. बाकीचं बरंचसं ऐकीव असतं.

ती म्हणाली असं काहीच नाही. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, ट्रिपचं एक आहे पण ते फालतू आहे. (फालतू म्हटलं की मी कान टवकारते, कारण कामाची गोष्ट बहुतेक वेळा त्याच्याच मागून येते.) तर डिपार्टमेंटची हंपीची ट्रिप ठरलेली आणि पैसे गोळा करायचं काम हिच्याकडे. काही जणांनी पैसे दिले नव्हते, बसवाला अॅडव्हान्स मागत होता, बाकीची मुलं म्हणाली ग्रुपवर नावं टाक म्हणजे लाजेने देतील. हिने टाकली नाहीत. एकेकाला वेगळा फोन केला, दोघांचे पैसे स्वतःच्या ट्यूशनच्या पैशातून भरले, त्यात उशीर झाला, बस दुसरी घ्यावी लागली आणि जवळची मैत्रीण भांडून बोलायची बंद झाली.

मी विचारलं, मग का नाही टाकलीस नावं? म्हणाली, नाही टाकायची. म्हटलं पण का, त्यांनी वेळेवर द्यायला नकोत? तर एकदम चिडली आणि आवाज चढवून म्हणाली, मॅडम, कोणाकडे पैसे नाहीत ते चारचौघांत बोलायचं नसतं!

मी तिचं तेच वाक्य कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे तुला चॅटजीपीटीने सांगितलं?

मग ते आलं कुठून ह्याची गोष्ट निघाली. बाबांचा मायनिंगवर टिप्पर होता, कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यात खाणी बंद झाल्या तेव्हा ही आठ वर्षांची. ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालूच, डिचोली, सत्तरी, सांगे ह्या भागातल्या कितीतरी घरांत हेच होतं. पुढे कोर्टाने मर्यादा घालून परवानगी दिली, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. बाबा आता इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कामगारांची बस चालवतात. तर त्या पहिल्या बंदीत घरचं सामान उधारीवर यायचं आणि दुकानात हिला पाठवायचे. दुकानात गर्दी असली तरी दुकानदार भाई हिच्याकडे बघून फक्त म्हणायचे, बाबांनी पैसे दिलेत, घेऊन जा. उकडे तांदूळ, तेल, साबण, सगळं पिशवीत घालून द्यायचे. बाबांनी पैसे दिलेले नसायचे. हे तिला खूप मोठी झाल्यावर कळलं, बाबा हप्त्याहप्त्याने ती वही फेडत होते तेव्हा.

एवढं सांगून ती म्हणाली, पण हे काय लिहिण्यासारखं आहे, लोक क्लायमेट चेंजवर लिहितात. इथे मी तिला एका जुन्या रेडिओ कार्यक्रमाबद्दल सांगितलं. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला, एडवर्ड मरो हा पत्रकार तो सादर करायचा, त्यात मोठी माणसं आणि साधी माणसं पण थोडक्यात सांगायची की आपण काय मानतो. २००५ मध्ये तिथल्या नॅशनल पब्लिक रेडिओने तो परत सुरू केला तेव्हा लिहिणाऱ्यांना सूचना होत्या की ३५० ते ५०० शब्द, एकच धारणा, ती एक-दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे, स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट हवी, उपदेश नको, आणि काय मानत नाही त्यापेक्षा काय मानता ते सांगा. त्या सूचनांत मोठा विषय घ्या असं कुठेच नाहीये. म्हणजे तिचा पहिला ड्राफ्ट का पडला आणि दुसरा का पडला ते तिचं तिलाच कळलं.

लिहायला बसली तर वेगळीच अडचण, लिहिता लिहिता रडू यायचं, बँकेचा माणूस घरी आलेला तो दिवस, आईच्या बांगड्या, सगळं वर यायला लागलं. मी तिला दोन वह्या करायला लावल्या. एक स्वतःची, जी कोणाला दाखवायची नाही. जेम्स पेनेबेकर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला सांगितलेलं, लिहिल्या लिहिल्या मुलांना वाईटच वाटलं पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं. तेव्हा रडू आलं तर बिचकायचं नाही, पण ते लिखाण फॉर्मला जोडायचं नाही. निबंधाची वही दुसरी. तिच्यात फक्त दुकान, ट्रिप आणि ते एक वाक्य. आपलं दुःख किती मोठं ते समितीला पटवायची गरज नसते, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण मुलांना हल्ली वाटायला लागलंय की जखम दाखवली नाही तर निवड होत नाही. बांगड्या, बँकेचा माणूस, ते सगळं पहिल्या वहीतच राहिलं.

लिहून झाल्यावर तिला म्हटलं, ह्यात बाबा आहेत, तर पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखव. ती घाबरली होती की ट्रकचं आणि उधारीचं लिहिलंय, बाबांना लागेल. बाबांनी रविवारी सगळं ऐकून घेतलं. ट्रकबद्दल काही बोलले नाहीत, उधारी पण राहू दे म्हणाले. फक्त दुकानदाराचं नाव काढ म्हणाले. त्याने कधी कोणाला सांगितलं नाही गो, मग आपण कशाला सांगायचं?

तिने नाव काढलं, गावाचं नाव पण काढलं आणि फॉर्म पाठवला. निकाल यायचाय अजून. ती माझ्याकडे अजून येते, निबंधासाठी नाही, त्या बेकच्या यादीतल्या एका वाक्यासाठी, आणि ते काम हळूहळू चाललंय.