देणे आधी, वंदन मागाहून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मंदिर झाडणाऱ्या वृद्ध बाईंची चार महिन्यांची मजुरी विश्वस्तांनी थकवली, त्याच सुमारास गाभाऱ्याला चांदीचा पत्रा बसवण्यासाठी वर्गणी मागितली, आणि तू विचारताच ‘भक्तीच्या ठिकाणी व्यवहार आणू नये’ असे तुला ऐकवण्यात आले. तेव्हापासून आरतीत मन लागत नाही, म्हणजे आपली श्रद्धाच कमी पडते की काय, पूजाच सोडून द्यावी का, असे तू विचारतेस. मन लागत नाही हे उत्तमच झाले. ते लागले असते तर मला काळजी वाटली असती.

ही तक्रार फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ, बायबलमधला एक संदेष्टा, तकोवा गावाहून उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात गेला. तिथे यज्ञ, सण आणि भजने यांची रेलचेल होती. आणि तेच भक्त सण संपून धान्यविक्री पुन्हा कधी सुरू होते याची वाट पाहत, मापात खोट ठेवत आणि पायतणाच्या एका जोडासाठी गरिबाला विकून मोकळे होत. देवाला तुमच्या उत्सवांचा वीट आला आहे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे त्याने त्यांना सुनावले. बेथेल या तिथल्या तीर्थस्थानाच्या पुरोहिताने त्याचा एकही मुद्दा खोडला नाही; हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू इथून चालता हो, इतकेच सांगितले. तुला मिळालेले उत्तर याहून फार वेगळे आहे का?

आपल्याकडचेही पाहा. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराजवळ आहे. तिच्यापुढे वाकून आत जाणाऱ्यांनी त्यांच्या जातिबांधवांना शतकानुशतके बाहेर ठेवले. ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या वाकणाऱ्यांचे डोळे खरोखर भरून येत असतील, हे मी मान्य करतो. त्या पाण्याने कोणाचे दार उघडले?

आता विश्वस्त त्या बाईंना सणाला लुगडे देतील आणि तुला म्हणतील, आमच्यात दया नाही का? ज्याचे पैसे आपण अडकवले, त्यालाच त्यातले थोडे देऊन वर त्याचे आशीर्वाद घ्यायचे, हा मला दुसरा अन्याय वाटतो. देणे आधी. लुगडे खुशाल द्यावे, पण मजुरी चुकती केल्यावर.

मीही अशाच एका समितीत होतो. जीर्णोद्धार पार पडला, गवंड्यांची शेवटची रक्कम मात्र ‘देणग्या आल्या की पाहू’ म्हणून लांबली. उद्घाटनाच्या दिवशी त्यांतला एक जण, सिमेंटने बोटांची पेरे फुटलेला, मांडवाच्या दोरीपलीकडे उभा होता. त्याच्या हातावर प्रसाद पडला, मजुरी पडली नाही. मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. आत राहून समजूत घालायला हवी होती, असे जुने स्नेही म्हणतात, काही तर बोलेनासे झाले, आणि त्याचे दुःख मला आहे. परंतु आत राहिलेल्या त्या शहाण्यांनी पुढे कोणाची समजूत घातली, हे अजून मला कोणी सांगितलेले नाही.

तरी पूजा सोडण्याच्या गोष्टी करू नकोस. त्याने बाईंच्या पदरात काय पडणार? आधी त्यांच्याकडे जा आणि हा विषय काढलेला त्यांना चालेल का ते विचार, कारण तुझ्या बाणेदारपणाचा भुर्दंड त्यांना बसता कामा नये. त्या हो म्हणाल्या तर महिनावार हिशेब कागदावर मांड, बैठकीत वाच आणि चांदीच्या वर्गणीआधी तो चुकता करण्याचा ठराव माग. खजिनदारांचा पाणउतारा करू नकोस, तीही माणसेच आहेत. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणाले, तर मात्र त्या बैठकीची तारीख तिथेच लिहून घे.

तुझा,
काका