वाचकांचे प्रश्न : आजीचं माहेर कागदावर कसं शोधायचं?

प्रश्न : आमची आजी नव्वदीच्या घरात आहे. माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर कराडकडचं. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, ती अंदाजानं घातलेली. लहानपणाविषयी विचारलं की ‘काय आठवत न्हाई बाळा’ म्हणते. खरं साल आणि माहेरची माणसं कशी शोधावीत?
– एक वाचक, कराड

उत्तर : ‘कुठल्या साली?’ असं विचारू नका. त्या पिढीनं साल कधी मोजलंच नाही, काळ मोजला तो घडलेल्या गोष्टींवर. ‘पत्री सरकारची माणसं रात्री गावात यायची, तेव्हा तू भाकऱ्या थापायचीस की परकर-पोलक्यात खेळत होतीस?’ असं विचारा. पत्री सरकार म्हणजे सातारा भागात इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं प्रतिसरकार, तो काळ १९४३ ते ४६ चा. ‘गांधीजी गेले तेव्हा माहेरी होतीस की सासरी?’ यावरून लग्न १९४८ च्या अलीकडं की पलीकडं ते ठरतं. ‘कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे कडेवर कोण होतं?’ ही तारीख पक्की आहे, ११ डिसेंबर १९६७. कडेवरच्या त्या लेकराचं वय शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा. दाखल्यावर १ जून असेल तर तोही गुरुजींनी धरलेला अंदाजच समजा.

मग भावंडांची उतरंड लावा. थोरलं कोण, पाठचं कोण, दोघांत किती पावसाळ्यांचं अंतर. इथं हमखास एक चूक होते : लहानपणीच गेलेली भावंडं कुणी मोजत नाही आणि सगळा हिशोब तीन-चार वर्षांनी सरकतो. त्यांची नावं विचाराच, पण शेवटी आणि हळू आवाजात. महिना हवा असेल तर शेतीच्या कामांवरून विचारा. ‘शाळू काढायच्या वक्ताला’ म्हणाली तर फेब्रुवारी-मार्च, ‘बेंदराच्या आगं-मागं’ म्हणाली तर आषाढ.

आता कागद. माहेरच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्ष असतो. तिथं कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची, नक्कल मागा. अर्जात गाव, पणजोबांचं (म्हणजे आजीच्या वडिलांचं) पूर्ण नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा लिहा. या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच असतं, त्यामुळं आजीच्या नावानं शोधलंत तर हाती काही लागणार नाही. वर लावलेली उतरंड इथं उपयोगी पडते. कितवी मुलगी ते माहीत असलं की बरोबर ओळ सापडते. जुना मजकूर मोडी लिपीत असला तर जाणकाराकडून वाचून घ्या. जिल्ह्याच्या नावानंही गोंधळू नका. तासगाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं, त्यानंतर ‘दक्षिण सातारा’ लिहिलेलं दिसेल आणि १९६० पासून सांगली.

सगळ्यात जास्त माहिती देतो तो वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढल्याची नोंद, आणि नेमका तोच लोक बघत नाहीत. पणजोबा १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वारले असतील तर जमिनीच्या वारस नोंदीत मुलींचीही नावं यायला हवीत, तीही सासरच्या नावासकट. आजीच्या बहिणी कुठं दिल्या हे एकाच पानावर कळतं. पुढं बहिणींनी हक्कसोड केली असेल तर तो दस्तही बघा. पणजोबा त्याआधी गेले असतील तर बहुधा फक्त मुलगेच सापडतील. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, तिथून मागं मागं जायचं. मात्र गटवारी, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडणं, झाल्यावर जुने सर्व्हे नंबर बदलले, म्हणून जुना नंबर कोणत्या गटात गेला ते आधी तलाठ्याकडून समजून घ्या.

आणि हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारा! माहेरच्या गावात हेळवी कधी येतो ते आजीच्या भाचरांना विचारून ठेवा. तो पिढ्यांची नावं, मूळ गाव, कुलदैवत सांगतो. बाप्यांची साखळी त्याच्याकडं चांगली मिळते, बायकांची तुटक, म्हणून फेरफारासोबतच ती ताडायची.

प्रश्न : आईच्या आईला जात्यावरच्या ओव्या येतात, पण मोबाइल समोर धरला की गप्प बसते.
– एक वाचक, मिरज

उत्तर : मोबाइल समोर धरूच नका. घडी घातलेल्या टॉवेलावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. स्टीलच्या ताटावर किंवा फळीवर ठेवलात तर जरा धक्का लागला की खडखड उमटते. पंखा बंद, फोन विमान मोडवर. जातं असेल तर मूठभर दाणे घालून फिरवायला द्या, खुंट्याला हात लागला की शब्द आपसूक येतात. नुसतं बसवून ‘म्हण’ म्हटलं की दुसऱ्या ओळीलाच अडतं. जातं ओढवत नसेल तर सुपात दाणे पाखडायला द्या. मध्ये थांबली तर आपण ओळ पुरवायची नाही, ती तिची ओवी राहत नाही. अर्ध्या तासापुढं ताणू नका. ध्वनिफितीच्या सुरुवातीला तारीख, गाव, तिचं माहेरचं आणि सासरचं नाव आपल्या तोंडानं बोलून ठेवा, आणि त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी प्रत काढा. जुने फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक चेहरे पुसट होतात. फोटोमागं नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं. बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला वळ उठतो.